पाठ ११ : हा किल्ला कोणाच्या भीतीने बांधला?

वाचण्याआधी

रायगड, सिंहगड, प्रतापगड ही नावं तुम्ही घरी ऐकली असतील. तिन्ही नावांच्या शेवटी 'गड' आहे. आता युरोपचा नकाशा उघडा आणि ही नावं शोधा : साल्झबुर्ग, हांबुर्ग, फ्रायबुर्ग. इथे शेवटी 'बुर्ग' आहे. जर्मन भाषेत 'बुर्ग' म्हणजे किल्ला आणि 'साल्झ' म्हणजे मीठ. म्हणजे साल्झबुर्गचं मराठी नाव ठेवायचंच झालं, तर 'मीठगड' ठेवावं लागेल!

सुट्टीत भारतात गेल्यावर काकांनी किंवा मामांनी तुम्हाला एखाद्या गडावर नेलं असेल, तर दरवाजा, बुरूज, तट हे शब्द तुमच्या कानांवरून गेले असतील. आज हेच शब्द घेऊन आपण ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वतात जाणार आहोत. किल्ल्याचं नाव आहे होहेनवेर्फेन. 'होहेन' म्हणजे उंच, आणि वेर्फेन हे खालच्या गावाचं नाव. नाव जरा जड आहे. दोनदा मोठ्याने म्हणा, जमेल.

पाठ

साल्झबुर्ग शहरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसा. सुरुवातीला बाहेर सपाट शेतं आणि घरं दिसतात. मग दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. पुढे साल्झाख नदीची दरी इतकी अरुंद होते, की नदी, रस्ता आणि रेल्वे यांना जेमतेम जागा मिळते. या चिंचोळ्या जागेला पास लुएग म्हणतात. ती ओलांडली की दरी पुन्हा उघडते, आणि समोर एका एकट्या उभ्या खडकावर किल्ला दिसतो. भोवती त्याच्यापेक्षा कितीतरी उंच डोंगर आहेत, तरी आपली नजर त्या खडकावरच जाते.

हा खडक दरीपासून सुमारे १५५ मीटर उंच आहे. म्हणजे साधारण पन्नास मजली इमारतीएवढा. साल्झबुर्गपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर.

किल्ला बांधायला हीच जागा का निवडली? खिडकीबाहेर बघितलं तर उत्तर मिळतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येकाला या दरीतून जावं लागतं. व्यापारी असो, यात्रेकरू असो की सैन्य असो, वरून तो दिसणारच. आजही किल्ल्यावर उभं राहिलं की खालच्या महामार्गावरच्या गाड्या मुंग्यांसारख्या ओळीने जाताना दिसतात.

आता गोष्ट. ती सुरू होते १०७५ साली.

तेव्हा साल्झबुर्गमध्ये गेबहार्ड नावाचा आर्चबिशप होता. आर्चबिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मातला मोठा धर्मगुरू. पण साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या हातात फक्त प्रार्थना नव्हती. त्याच्याकडे जमीन होती, सैनिक होते, आणि पुढच्या काळात तर साल्झबुर्गचे आर्चबिशप त्या प्रदेशाचे राजेच झाले. लोकांकडून कर तेच घ्यायचे आणि न्यायही तेच करायचे.

त्या वेळी युरोपात एक मोठं भांडण पेटलं होतं. बिशप कोणी नेमायचे? रोमच्या पोपने की जर्मन राजाने? आज हा प्रश्न कोरडा वाटेल, पण बिशपकडे जमीन आणि पैसा असायचा. त्यामुळे जो बिशप नेमेल, त्याच्या हातात सत्ता. पोप होता ग्रेगरी सातवा, आणि राजा होता हेन्री चौथा. पोपने राजाला धर्मातून बाहेर काढलं. मग जानेवारी १०७७ मध्ये राजा भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून इटलीतल्या कानोस्सा किल्ल्यापाशी गेला, आणि तीन दिवस दाराबाहेर थांबून त्याने पोपची माफी मागितली. माफी मिळाली. भांडण मात्र मिटलं नाही.

गेबहार्ड पोपच्या बाजूचा होता. राजाचं सैन्य कधीतरी आपल्यावर येणार, अशी त्याला भीती होती. म्हणून १०७५ ते १०७८ या काळात होहेनवेर्फेनचा किल्ला उभा राहिला. साल्झबुर्ग शहरावरचा होहेनसाल्झबुर्ग आणि फ्रीझाख गावातला पीटर्सबेर्ग हे किल्लेही त्यानेच त्याच काळात मजबूत करून घेतले.

एवढं करून काय झालं? १०७७ सालीच गेबहार्डला साल्झबुर्ग सोडून पळावं लागलं! किल्ल्याचं काम चालू आणि मालक परागंदा. तो परत आला १०८६ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. पुढे दोनच वर्षांनी, १०८८ मध्ये, तो याच होहेनवेर्फेन किल्ल्यात वारला.

आपण आता वर जाऊ. वर जायला लिफ्ट आहे, पण पाय धड असतील तर चालत जा. पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे, दम लागतो. तो लागलाच पाहिजे. अंगावर लोखंडी चिलखत, हातात भाला आणि वरून कोणीतरी दगड टाकतंय, असं मनात आणून चढलात, तर किल्ला कसा काम करतो ते पुस्तकाशिवाय कळेल. वाटेत एकामागून एक दरवाजे लागतात. एक पडला तरी दुसरा उभा असतो.

सह्याद्रीतले गड पाहिलेल्यांना इथे एक फरक लगेच जाणवेल. रायगडाचा माथा केवढा मोठा! तिथे बाजारपेठ होती, तलाव होते. होहेनवेर्फेनचा खडक लहान आहे, त्यामुळे सगळं एकमेकांना चिकटून आणि उंच उंच बांधलेलं आहे. अंगण छोटं, भिंती जाड, खिडक्या बारीक. आणि छपरं? अगदी उतरती. इथे हिवाळ्यात बर्फ पडतो. छप्पर सपाट असतं तर बर्फाच्या वजनाने खाली आलं असतं.

मनोऱ्यात एक प्रचंड घंटा आहे. ती १५६८ साली ओतली आणि तिचं वजन चार टनांहून जास्त आहे. एवढं धूड त्या काळी या खडकावर कसं चढवलं असेल, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ उभी होते.

पण या किल्ल्याचा सर्वांत वाईट काळ बाहेरच्या शत्रूमुळे आला नाही. १५२५ साली साल्झबुर्गच्या डोंगराळ भागातले शेतकरी आणि खाणकामगार उठले. ही आर्चबिशपची स्वतःचीच माणसं. त्यांच्यावर करांचं ओझं होतं, आणि कोणता धर्म कसा पाळायचा हेही वरून ठरत होतं. ते उत्तरेकडे, साल्झबुर्ग शहराकडे निघाले. वाटेत होहेनवेर्फेन होता. तो त्यांनी घेतला. १५२५ आणि १५२६ या दोन वर्षांच्या उठावांत किल्ल्याला आग लागली आणि त्याचं फार नुकसान झालं.

त्याच १५२५ सालची एक गंमत बघा. झिगमुंड फॉन डीट्रिखश्टाइन हा शेजारच्या श्टायरमार्क प्रांताचा मोठा अधिकारी. शेतकऱ्यांचा उठाव मोडायला तो सैन्य घेऊन आला, आणि शेतकऱ्यांच्याच हाती सापडला. त्यांनी त्याला कुठे ठेवलं? होहेनवेर्फेनमध्ये! ज्या किल्ल्यात मोठे लोक गरिबांना कोंडत होते, त्याच किल्ल्यात गरिबांनी एका मोठ्या माणसाला कोंडलं. हा आनंद मात्र थोडे दिवसच टिकला. उठाव शेवटी मोडला गेला.

कारण हा किल्ला तुरुंगही होता. आजही आत गेल्यावर अंधारी कोठडी आणि छळाची खोली दाखवतात. तिथे बरेच पर्यटक हसत हसत फोटो काढतात. मला ते आवडत नाही. मोठ्या कैद्यांची नावं इतिहासात लिहिली गेली. साध्या कैद्यांपैकी बहुतेकांची कोणी लिहिली नाहीत, पण दिवस त्यांनीही इथेच काढले.

मोठ्या कैद्यांमधला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वोल्फ डीट्रिख. आणि तो होता साल्झबुर्गचा आर्चबिशप! म्हणजे या किल्ल्याचा मालकच. शेजारच्या बव्हेरियाशी त्याचं मिठावरून भांडण झालं. साल्झबुर्गची श्रीमंती मिठाच्या खाणींवर होती, हे नावावरूनच कळतं. १६११ साली बव्हेरियाचं सैन्य आलं, वोल्फ डीट्रिख पळाला, पण पकडला गेला. आधी त्याला होहेनवेर्फेनला आणलं, मग होहेनसाल्झबुर्गला हलवलं. त्याच्या जागी त्याचा मामेभाऊ मार्कुस झिटिकुस आर्चबिशप झाला. आता तरी सुटका होईल असं वाटेल, नाही का? झाली नाही. मामेभावाने त्याला कैदेतच ठेवलं. १६१७ साली, म्हणजे सहा वर्षांनी, वोल्फ डीट्रिख कैदेतच वारला.

हा भाग वर्गात वाचला तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्या किल्ल्यात मालक कोण आणि कैदी कोण, हे ओळखायचं कसं?"

मी म्हटलं, "दाराची कडी कोणत्या बाजूला आहे ते बघायचं."

पुढचा इतिहास भराभर सांगते. १८०३ साली आर्चबिशपांचं राज्य संपलं. १८९८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या ऑयगेनने किल्ला घेतला आणि नीट करवला. १९३१ साली पुन्हा आग लागली. दुरुस्ती झाली, पण १९३८ मध्ये त्याला किल्ला विकावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९८७ पर्यंत इथे पोलिसांना प्रशिक्षण देत असत. तुमचे आईबाबा लहान होते त्या काळात, १५५ मीटर उंचीवर पोलीस कवायत करत होते!

आज इथे कोणीही तिकीट काढून येऊ शकतं. 'व्हेअर ईगल्स डेअर' या १९६८ च्या चित्रपटातला शत्रूचा किल्ला म्हणजे हाच. आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' मध्ये मुलं डोंगरावरच्या कुरणात गाणं शिकतात, तेव्हा मागे दूरवर हाच किल्ला दिसतो. आजीआजोबांना विचारा, त्यांना तो प्रसंग नक्की आठवेल.

इथली सर्वांत लोकप्रिय गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी. पूर्वी आर्चबिशप इथे शिकारीला यायचे. आता किल्ल्यावर ससाणे, गरुड आणि गिधाडं पाळलेली आहेत, आणि लोकांना त्यांचं उडणं दाखवतात. ससाणा माणसाच्या हातावरून झेप घेतो, तटावरून बाहेर दरीवर जातो, दिसेनासा होतो. सगळे आकाशात शोधत राहतात. मग तो एकदम आपल्या डोक्यावरून सूं करत येतो आणि त्याच हातावर बसतो.

शब्दांशी ओळख

परागंदा : घर किंवा देश सोडून पळालेला.
चिलखत : लढाईत अंगात घालायचा लोखंडी पोशाख.
उठाव : राज्य करणाऱ्याविरुद्ध लोकांनी एकत्र येऊन केलेलं बंड.
कवायत : सैनिकांनी किंवा पोलिसांनी ओळीत उभं राहून केलेला सराव.
मामेभाऊ : मामाचा मुलगा. काकाचा मुलगा चुलतभाऊ, आत्याचा आतेभाऊ, मावशीचा मावसभाऊ. मराठीत भाऊ म्हटलं की कोणाकडून ते सांगावं लागतं!

आणि एक गंमत. 'डबा' मोठा आणि 'डबी' लहान. 'लोटा' मोठा, 'लोटी' लहान. मग 'किल्ला' मोठा आणि 'किल्ली' म्हणजे छोटा किल्ला का? मुळीच नाही. किल्लीने कुलूप उघडतात. दरवर्षी कोणीतरी "आम्ही सुट्टीत तीन किल्ल्या पाहिल्या" असं लिहितं, म्हणून आधीच सांगते.

क्रियापद कसं बदलतं ते पाहा : गेबहार्डने किल्ला बांधला. गेबहार्डने भिंत बांधली. गेबहार्डने छप्पर बांधलं. बांधणारा एकच आहे, तरी क्रियापद बदललं. ते बांधणाऱ्याकडे बघत नाही, बांधलेल्या वस्तूकडे बघतं. आता 'घंटा', 'मनोरा' आणि 'घर' घेऊन अशीच वाक्यं करा.

बोला आणि लिहा

१. गेबहार्डने किल्ला कोणाच्या भीतीने बांधला? १५२५ साली त्यावर चालून कोण आलं?

२. डीट्रिखश्टाइन आणि वोल्फ डीट्रिख या दोघांना कोणी कोंडलं आणि का? तुम्हाला दोघांपैकी कोणाची जास्त दया येते? कारण सांगा. (दोघांचीही येत नसेल, तर तेही सांगायला हरकत नाही.)

३. तुम्ही राहता त्या देशातला एखादा किल्ला निवडा. तो कोणता रस्ता, नदी किंवा बंदर राखत होता, ते नकाशावर शोधून पाच-सहा वाक्यं लिहा.

४. घरी फोन करून आजीला किंवा आजोबांना विचारा : "तुम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला करायचात का? कशाचा करायचात?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

५. यंदा दिवाळीला वर्गात आपण मातीचा होहेनवेर्फेन करणार आहोत. खडक उंच हवा, माथा लहान हवा आणि छपरं उतरती हवीत. बर्फासाठी कापूस कोण आणणार, ते पुढच्या तासाला ठरवू.