अवगुंठनवती रिबका

बायबलातील ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात रिबकेची कथा आली आहे. अब्राहामाचा वृद्ध सेवक धन्याच्या पुत्राकरिता वधू शोधीत एका विहिरीपाशी येतो. रिबका त्यास घागरीतील पाणी पाजते आणि न मागता त्याच्या दहा उंटांसही पाजते. तहानलेला उंट एका वेळी १०० लिटरपर्यंत पाणी पितो. उंट खरोखरच तहानलेले असतील, तर १५ लिटरांच्या साठसत्तर घागरी तिने एकटीने शेंदल्या असल्या पाहिजेत! विहिरीवर पाणी भरलेल्या आमच्या माताभगिनींस या श्रमाची कल्पना सांगावयास नको.

पुढे प्रवासाच्या अखेरीस शेतातून येणारा पुरुष हाच आपला नियोजित पती इसहाक होय, असे कळताच ती मुखावर बुरखा घेते. जोव्हानी मारिया बेंझोनी (१८०९–१८७३) या इटालियन शिल्पकाराने नेमका हाच क्षण संगमरवरात उतरविला. या शिल्पाच्या अनेक प्रती झाल्या. त्यांपैकी एक हैदराबाद संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८७६ साली रोम येथे खरेदी केली. ज्या संस्थानात त्या काळी आपला मराठवाडाही मोडत होता, त्याच्या राजधानीत, १९५१ साली उघडलेल्या सालारजंग संग्रहालयात, ती आज पाहावयास मिळते.

पाहणारास प्रथम वाटते की, मुखावर खरोखरीचे झिरझिरीत वस्त्र आहे. वस्तुतः मुख व वस्त्र ही दोन्ही दगडच होत. हे कसे साधले? ओले मलमलीचे फडके पालथ्या तांब्यावर टाकून पाहावे. जेथे ते चिकटते तेथे तांब्याचा आकार दिसतो. जेथे उचलले जाते तेथे चुणी पडते. शिल्पकाराने कपाळ, नाक, ओठ यांचे उठाव राखले व त्यांवरून चुण्यांच्या बारीक रेघा नेल्या; मधले वस्त्र आपली दृष्टीच विणते. आपल्या जिल्ह्यातील कुडे येथील लेणी काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. त्या पाषाणात प्रकाश शिरत नाही. संगमरवरात तो किंचित आत जाऊन मृदू होऊन परततो. तेणेकरून दगडास त्वचेची कांती येते.

कारागिरी अप्रतिम खरी. तथापि आमची एक तक्रार आहे. बेंझोनीने लाजरी वधू घडविली, पाणी शेंदणारी रिबका नव्हे. साठ घागरी ओढणारे हात इतके नाजूक कसे असतील?