सामूहिक वनाचे यश कसे ओळखावे?

शेती आणि वन यांचा संबंध निकटचा आहे. औताचे लाकूड, कुंपणाचा काटा, गुरांचा चारा आणि ओढ्याचे पाणी यांसाठी शेतकऱ्यास वनाचा आधार लागतो. म्हणून गावाने राखलेले वन यशस्वी झाले किंवा नाही, हा प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा आहे. अहवालात याचे उत्तर बहुधा झाडांची संख्या व क्षेत्र यांवरून दिले जाते. हे मोजमाप आवश्यक असले तरी पुरेसे नाही. वनावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांच्या कसोट्या याहून व्यापक असतात.

दोन गावांचा अनुभव

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. बांबू व तेंदूपान यांची गणना गौण वनोपजात केली. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेतले जातात.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क प्राप्त झाला. तेंदूपानांपासून रोख पैसा मिळतो. तथापि पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात व टेंभरांचे फळ बुडते. हे ध्यानी घेऊन पाचगावाने तेंदूपानांची तोड बंद केली आणि बांबूवर भर दिला. केवळ पैशाची आवक हीच यशाची खूण मानली असती, तर हा निर्णय झालाच नसता.

गावकऱ्यांच्या कसोट्या

(१) पाणी : ओढा पूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे व आता कोणत्या महिन्यात आटतो?

(२) श्रम : सरपणाच्या मोळीसाठी स्त्रियांना किती चालावे लागते?

(३) अन्न व उपज : मोह, चारोळी, टेंभरे, मध व रानभाज्या पूर्वीइतक्या मिळतात काय? जुन्या मोहांखाली नवी रोपे उभी राहत आहेत काय?

(४) रोजगार : सुगीनंतर किती कुटुंबांना कामासाठी गाव सोडावे लागते?

(५) न्याय : हिशेब ग्रामसभेत वाचला जातो काय? नियमभंगाचा दंड सधनास व निर्धनास सारखाच होतो काय?

यांपैकी पाचवी कसोटी विशेष महत्त्वाची आहे. समजा, एखाद्या गावाने सर्व वनात चराईबंदी केली. रोपे वाढतील आणि अहवाल उत्तम दिसेल. परंतु ज्या भूमिहीनाचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्याच्या दृष्टीने ते वन नाहीसेच झाले. असा मनुष्य राखणदारीस मनापासून येणार नाही आणि वणवा लागला असता सर्वांच्या आधी धावणार नाही. म्हणजे न्यायाचा अभाव शेवटी झाडांच्याच मुळाशी येतो. अशा ठिकाणी वनाचे भाग पाडून पाळीपाळीने चराई खुली ठेवणे हितावह ठरते.

पाहणीची पद्धत

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम स्त्रिया, गुराखी, भूमिहीन व वृद्ध यांच्या स्वतंत्र बैठका घ्याव्यात. कारण भरसभेत बोलणारे थोडे असतात. प्रत्येक गटास दहा खडे देऊन वरील पाच कसोट्यांवर महत्त्वाप्रमाणे वाटून ठेवण्यास सांगावे. नंतर त्यांच्यासह वनात फेरी मारून प्रत्यक्ष स्थिती पाहावी. नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी व दप्तरी ठेवावी. ही पाहणी दरवर्षी एकाच ऋतूत करावी, म्हणजे तुलना करता येईल. दोन गटांची उत्तरे भिन्न आल्यास त्यांची सरासरी काढू नये. जेथे मतभेद आहे, तेथेच नियम सुधारण्याची गरज आहे असे समजावे.

झाडांची मोजणी अवश्य करावी. पण तिच्याशेजारी या नोंदीही लिहाव्यात. गावातील शेवटच्या घरासही ज्या वनाचा आधार वाटतो, ते वन राखण्यास सारे गाव पुढे येते.