भाताचे रोप आणि पेशीतील दळणवळण

जुलै महिन्यात भोर व वेल्हे परिसरातील खाचरांत भातलावणीची धांदल उडते. चिखलात घाईने रोवलेली काही रोपे तिरपी होतात. परंतु थोड्याच दिवसांत ती आपोआप सरळ उभी राहतात. शेतकऱ्यास यात नवल वाटत नाही. शास्त्रज्ञांना मात्र या साध्या घटनेचा उलगडा पेशीच्या अंतरंगात शोधावा लागला.

रोप कलले की ऑक्सिन हे वृद्धीसंप्रेरक त्याच्या खालच्या अंगास अधिक साचते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि शेंडा वर वळतो. शाळेत कुंडीतील रोप आडवे ठेवूनही हे दाखविता येईल. ऑक्सिनला पेशीबाहेर सोडणारी ‘पिन’ प्रथिने प्रद्रव्यपटलात असतात, पण ती तेथे कायमची खिळलेली नसतात. पटलाचा अंश आत ओढला जाऊन पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशवी, तयार होते. तीतून ही प्रथिने आत येतात व पुन्हा पटलाकडे, प्रसंगी दुसऱ्या बाजूस, रवाना होतात. पेशीभित्तिकेचे बरेचसे साहित्यही गॉल्गी संकुलातून पुटिकांद्वारेच जाते. पाठ्यपुस्तकातील पेशीची स्थिर आकृती पाहून या अखंड वर्दळीची कल्पना येत नाही.

पुटिका योग्य स्थळी पोचविण्यास ‘रॅब’ प्रथिने साहाय्य करतात, तर ‘स्नेअर’ प्रथिने तिला तेथील पटलाशी एकरूप करतात. (‘रॅब’ हे नाव उंदराच्या मेंदूवरील संशोधनातून आले, मावळातील राब भाजण्याशी त्याचा संबंध नाही.) ही यंत्रणा यीस्ट, प्राणी व वनस्पती यांत मूलतः समान आहे. तिच्या उलगड्याबद्दल रॉथमन, शेकमन व स्यूडहोफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भात उत्पादकास याहून जवळची गोष्ट दाण्याची आहे. दाणा भरताना तयार होणारे ग्लुटेलिन हे प्रथिन पुटिकांतून साठवण-रिक्तिकेत जाते. ‘रॅब-५’ प्रथिनात दोष असलेल्या भाताचा अभ्यास २०१० च्या सुमारास जपान व चीनमधील संशोधकांनी केला. त्या भातात ग्लुटेलिन वाट चुकून पेशीच्या कडेला साचते आणि तांदूळ अपारदर्शक, पिठूळ होतो. माल तयार होऊनही तो पोचला नाही, एवढाच हा दोष!

अर्थात आंबेमोहर वा इंद्रायणीच्या प्रत्येक पांढरट दाण्याचे खापर या प्रथिनांवर फोडणे योग्य नव्हे. दाणा भरण्याच्या काळात उष्णता वाढली, तरीही तांदळात पांढरटपणा येतो.