बघणारा कोण?

चि. भाच्यास,

म्हसवडच्या एका जुन्या वाड्यात मोबाइलवर भयपट करायचं तुम्ही पोरांनी ठरवलंय, असं ताईनं फोनवर सांगितलं. मुखवटा, लाल रंग, धूर अशी यादीही झाली म्हणे. सामान आणण्याआधी प्रत्येक शॉटसाठी एक गोष्ट ठरव: इथं बघणारा कोण आहे?

जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’ची (१९७८) सुरुवात पाहा. कॅमेरा बाहेरून घरात शिरतो, सुरी घेतो, जिना चढतो. खून होईपर्यंत प्रेक्षक खुन्याच्याच डोळ्यांनी बघत राहतो, पण ते डोळे कुणाचे हे त्याला ठाऊक नसतं. मुखवटा निघतो आणि समोर सहा वर्षांचा मुलगा उभा दिसतो.

हिचकॉकनं ‘सायको’मध्ये (१९६०) वेगळी वाट धरली. जिन्यावर गुप्तहेरावर हल्ला होतो तेव्हा कॅमेरा थेट छताजवळ असतो. मारेकऱ्याचा चेहरा दाखवायचा नव्हता आणि तो मुद्दाम लपवलाय असंही वाटू द्यायचं नव्हतं. वरून बघितल्यावर दोन्ही साधलं. लगेच पुढच्या शॉटमध्ये गुप्तहेराचा रक्ताळलेला चेहरा पडदाभर येतो. इतक्या लांबून एकदम इतक्या जवळ आल्यानं प्रेक्षक दचकतो.

उंचीचं महत्त्व कुब्रिकच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) कळतं. लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या ओसाड बोळांतून फिरतो आणि कॅमेरा-ऑपरेटर गॅरेट ब्राउनचा स्टेडीकॅम, म्हणजे न हादरता सरकणारा कॅमेरा, जमिनीलगत त्याच्या मागे सरकतो. खालून बघताना बोळ लांबलचक वाटतात. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, हे मुलाला दिसत नाही आणि आपल्यालाही नाही.

पैसे नाहीत म्हणून अडू नका. सॅम रायमीनं ‘द ईव्हिल डेड’साठी (१९८१) फळीवर कॅमेरा बसवला, दोघांनी दोन टोकं धरली आणि जंगलातून पळत सुटले. न दिसणारं भूत झाडांमधून धावत येतंय, असं पडद्यावर वाटलं. फळी वाड्यातही सापडेल.

आपल्याकडची उदाहरणं तर जरूर बघ. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त पूजा सावंतनं साकारलेली गरोदर बाई उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात अडकते. उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे तिथं आडोसाच भीती घालतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं (२०१८) काही चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झालं होतं. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात कंदिलाचा उजेड जिथवर पोहोचतो तिथवरच दिसतं. बाकीची फ्रेम अंधाराला दिलेली आहे.

तुमच्या माणदेशात ऊस कमी, माळ जास्त. तेच तुमचं बळ आहे. माणगंगा नदीच्या कोरड्या पात्रात एका मुलाला लांब उभं कर, मोबाइल ट्रायपॉडवर ठेव आणि त्याच्या एका बाजूची मोठी जागा मोकळी सोड. शॉट लवकर तोडू नको. प्रेक्षक आपणहून त्या रिकाम्या जागेत काहीतरी शोधायला लागतो. वाड्यात मात्र उलट कर. अंधाऱ्या खोलीच्या आतून, दाराच्या चौकटीतून चौकातला मुलगा टिप. तो एकटा आहे असं त्याला वाटत असतं, पण आतून कुणीतरी बघतंय हे प्रेक्षकाला कळतं.

कॅमेरा तिरका धरायचा मोह पोरांना फार होतो. सगळेच शॉट तिरके असले तर डोळ्याला त्याची सवय होते. आधी चारदोन शॉट सरळ घे आणि घरात काहीतरी बिनसल्याची पहिली खूण दिसते, तिथंच तिरका कर.

वाड्याच्या मालकांची परवानगी घ्या. जुन्या माडीच्या फळ्या तपासल्याशिवाय कुणी वर चढू नका. नदीपात्रातलं शूटिंग अंधार पडायच्या आत उरका. पहिल्या दिवसाचे शॉट संगीत न लावता मला पाठव. आवाजाशिवाय कुठला शॉट घाबरवतो, ते आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा