मचूळ पाणी, रखरखीत केस आणि शिकेकाईचें कुंपण

राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा, समोरच्या तीरावर दिघी, आणि खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा किल्ला, असा हा आमचा मुलूख आहे. येथें एका बाजूस खारें पाणी व दुसऱ्या बाजूस डोंगर, आणि त्यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत नारळी-पोफळीच्या वाड्या. अशा ठिकाणीं राहणाऱ्या बागाइतदारास पाण्याचें महत्त्व सांगावयास नको. तथापि, पाणी बिघडल्याची वर्दी झाडाच्या आधीं घरांतील बायकांच्या केसांकडून मिळूं शकते, ही गोष्ट आम्ही स्वतः ठेंच लागल्यावरच शिकलों. तोच अनुभव, आणि त्यानिमित्तानें केस धुण्याच्या आपल्या जुन्या वनस्पतींविषयीं जी माहिती जमली ती, वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

३ जून २०२० रोजीं झालेल्या निसर्ग चक्रीवादळानें मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांतील वाड्यांची जी नासधूस केली ती सर्वांस ठाऊकच आहे. आमच्याही वाडींतील पोफळी आडव्या झाल्या. पुढें नवीं रोपें लाविलीं, आणि त्यांस उन्हाळ्यांत पाणी कमी पडूं नये म्हणून विहिरीवर पूर्वीपेक्षां मोठा पंप बसविला. दुसऱ्या वर्षीं वैशाखांत घरांतील बायका सांगूं लागल्या कीं, साबण फेंसाळत नाहीं, न्हाणें झालें तरी केस चिकट राहतात, आणि वाळल्यावर काथ्यासारखे ताठ होऊन फणींत तुटतात. आम्ही बाजारांतून दुसरा साबण आणून दिला आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानिलें. आई एवढेंच म्हणाली, "अरे, साबण काय बदलतोस? आधीं पाणी चाखून बघ." तें कोणी मनावर घेतलें नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत पोफळीच्या रोपांचीं पानें शेंड्याकडून करपूं लागलीं, तेव्हां कोठें पाणी तपासून घेतलें. विहीर खारावली होती. एक वर्ष आधीं ऐकलें असतें तर निम्मी रोपें वांचलीं असतीं.

केस म्हणजे काय?

केसाचा जो भाग आपणांस दिसतो तो निर्जीव असतो. त्याची वाढ त्वचेखालील मुळाशीं होते. बाहेर आलेला तंतु हा केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्यावर माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचें आवरण असतें. हे पापुद्रे चपट बसलेले असले म्हणजे केस चकाकतो व फणी सहज फिरते. ते उचलले गेले किंवा झडले म्हणजे एक केस दुसऱ्यांत अडकतो, गुंता होतो, आणि टोंकें फुटतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तुटलेल्या लांकडास ज्याप्रमाणें पालवी फुटत नाहीं, त्याप्रमाणें एकदां फाटलेला केस कोणत्याही काढ्यानें पुन्हां सांधत नाहीं. वनस्पतींच्या पाण्यानें तीन गोष्टी साधतात: मळ निघतो, पण केसाचें तेल पूर्णपणें ओरबाडलें जात नाहीं, साबणाचा बसलेला थर सुटतो, आणि केसावर गुळगुळीत लेप बसून घर्षण कमी होतें. नवा केस मात्र मुळापासूनच यावा लागतो, आणि तो महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. हातभर केसांची जागा नव्या केसांनीं घेण्यास वर्षें लागतात. म्हणून आठ दिवसांत गुण देणाऱ्या औषधाच्या जाहिरातीवर कोणीही विश्वास ठेवूं नये.

पाण्याचा दोष

साबण हा क्षारधर्मी असतो. त्याच्या पाण्यानें केसाचे पापुद्रे फुगून उचलले जातात. त्यांत पाणी जड असेल, म्हणजे त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतील, तर साबणाचा त्यांच्याशीं संयोग होऊन न विरघळणारा पांढुरका चोथा तयार होतो. तोच केसांवर बसतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सुमारें १.३ ग्रॅम मॅग्नेशियम व ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतें. असें पाणी विहिरींत थोडेंसें मिसळलें तरी साबणाचें काम बिघडतें. शिवाय साध्या मिठानेंही साबण पाण्यापासून वेगळा होतो. साबण तयार करणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करून साबणाचा थर वर आणतात. खोबरेल तेलाचा साबण मात्र खाऱ्या पाण्यांतही थोडाफार फेंसाळतो, म्हणून खलाशांसाठीं पूर्वीं तोच करीत असत.

विहीर मचूळ कां होते? किनाऱ्यावरील जमिनींत पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, तिच्या सुमारें चाळीसपट खोलीपर्यंत खालचें खारें पाणी दाबलेलें राहतें. अर्थात् बेसुमार उपशानें गोडी पातळी एक फूट उतरली तर खालून खारें पाणी चाळीस फूट चढूं पाहतें. हा हिशेब प्रत्येक बागाइतदारानें पंपाची कळ दाबण्यापूर्वीं मनांत आणावा.

परीक्षा सोपी आहे. दोन सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्यावें, एकींत पावसाचें साठविलेलें व दुसरींत विहिरीचें. दोहोंत एकाच साबणाचा सारखाच किसलेला चुरा घालून सारख्याच वेळां हालवावें. पहिलींत फेंस टिकून दुसरींत पाणी गढूळ झालें व दह्यासारखे कण दिसले, तर दोष केसांत नसून पाण्यांत आहे. ही परीक्षा माघ, चैत्र व वैशाख या महिन्यांत एकेकदां करून फरक लिहून ठेवावा.

शिकेकाई व रिठा

शिकेकाईच्या शेंगांच्या व रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचा फेंस करणारा पदार्थ असतो. जड पाण्यांत साबणासारखा चोथा त्याच्यापासून होत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय. शिकेकाईचा काढा किंचित् आंबटही असतो, त्यामुळें पापुद्रे साबणाइतके उचलले जात नाहींत. मचूळ पाण्याच्या गांवीं आपल्या आज्या-पणज्यांनीं शिकेकाई सोडली नाहीं, यांत केवळ रूढि नव्हती.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या इंग्रजी 'शांपू' शब्दानें आज बाटल्या विकल्या जातात, तो मूळचा आपल्याच देशांतला, 'चांपणें' म्हणजे अंग दाबणें-चोळणें या अर्थाचा आहे. पाटण्याकडील शेख दीन महंमद या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें अशा चांपण्याचें स्नानगृह चालविलें. डोकें धुणें हा अर्थ त्या शब्दास मागाहून चिकटला.

करण्याची कृति

न्हाण्यापूर्वीं तासभर आधीं केसांस खोबरेल तेल लावावें. खोबरेल तेलांतील स्निग्धाम्ल केसाच्या आंत शिरतें आणि धुण्यानें होणारी प्रथिनाची झीज कमी करतें. सूर्यफुलाच्या व खनिज तेलानें तसें होत नाहीं, असें २००३ साली प्रसिद्ध झालेल्या रेळे व मोहिले यांच्या संशोधनांत दिसून आलें. आपल्या वाडींतील नारळाचा हा उपयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

शिकेकाईच्या बिया काढलेल्या शेंगा ३० ग्रॅम, म्हणजे सुमारें अडीच तोळे, आणि रिठ्याच्या चारपांच साली एक लिटर गोड्या पाण्यांत रात्रभर भिजत घालाव्या. सकाळीं मंद आंचेवर दहा मिनिटें उकळून, कोमट झाल्यावर कुसकरून, दाट फडक्यांतून गाळाव्या. भांडें पितळेचें असल्यास कल्हईचें असावें, नाहीं तर स्टीलचें घ्यावें. लोखंडाच्या कढईंत काढा काळा पडतो. न गाळलेला चोथा केसांत अडकून त्रास देतो, म्हणून गाळण्यांत आळस करूं नये. काढा त्याच दिवशीं संपवावा, शिळा आंबतो.

केस फार गुंतत असतील तर जास्वंदीचीं दहाबारा पानें अर्धा लिटर पाण्यांत चुरडून जो बुळबुळीत रस निघतो तो गाळून, धुतलेल्या केसांस दहा मिनिटें लावून ठेवावा व मग धुवावा. भिजविलेल्या मेथीचा बुळबुळीत रसही हेंच काम करतो.

ज्यांस साबण सोडणें शक्य नाहीं त्यांनीं शेवटीं दोन लिटर गोड्या पाण्यांत एका लिंबाचा रस घालून त्यानें केस धुवावे. साबणाचा चोथा आम्लानें सुटतो. नंतर साध्या पाण्याचा एक तांब्या घ्यावा. लिंबाचा रस निवळ लावूं नये, आणि तो अंगावर असतां उन्हांत जाऊं नये. त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठतात. घरांत गोडें पाणी थोडेंच असेल, तर सर्व न्हाणें मचूळ पाण्यानें करून शेवटचे दोन तांबे तरी पागोळीच्या साठविलेल्या पाण्याचे घ्यावे. एवढ्यानेंही पुष्कळ फरक पडतो.

सावधगिरी

शिकेकाईचें, आणि विशेषतः रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें; लहान मुलांस न्हाऊं घालतांना जपावें, व गेल्यास स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ डोळे धुवावे. सॅपोनिन माशांस विषारी आहे. म्हणून हें पाणी कोळंबीच्या किंवा माशांच्या तळ्यांत जाऊं देऊं नये. माक्याच्या तेलानें पिकलेले केस काळे होतील ही आशा धरूं नये. दिवसास पन्नास ते शंभर केस गळणें हें स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनीं केस अधिक गळतात व बहुधा पुन्हां येतात. परंतु चट्टे पडूं लागले, टाळूवर पू किंवा खपल्या दिसल्या, अथवा गळण्याबरोबर थकवा असेल, तर काढे करीत न बसतां डॉक्टरांस दाखवावें. रक्ताची कमतरता हेंही त्याचें कारण असूं शकतें.

कुंपणास लागवड

शिकेकाई ही कांटेरी, वर चढणारी मोठी वेल आहे. शास्त्रीय ग्रंथांत तिचें जुनें नांव अकेशिया कॉन्सिना होतें, हल्लीं तिला सेनेगालिया रुगाटा म्हणतात. आमच्या शेजारीं फणसाडचें जंगल आहे खरें, पण तें १९८६ सालापासून अभयारण्य असल्यामुळें तेथून परवानगीवांचून कांहीं आणतां येत नाहीं. तेव्हां आपल्या बांधावरच ती लावणें बरें. बियांचें कवच टणक असतें. त्या गरम पाण्यांत टाकून रात्रभर भिजूं द्याव्या व उन्हाळ्याच्या अखेरीस पिशव्यांत टोंचाव्या. पावसाळ्यांत रोपें आठदहा फुटांच्या अंतरानें डोंगराकडील कुंपणास लावावीं. खाजणाच्या बाजूस लावूं नयेत. पोफळीवर किंवा आंब्यावर वेल चढूं देऊं नये, कारण कांट्यांमुळें मग त्या झाडावर कोणास चढतां येत नाहीं. दरसाल छाटणी केली म्हणजे गुरांस अडविणारें भक्कम कुंपण होतें. शेंगा वाळून आंत बिया खुळखुळूं लागल्या म्हणजे काढाव्या आणि पक्क्या वाळवून ठेवाव्या.

यापासून मोठें उत्पन्न होईल असें आम्ही म्हणत नाहीं; नवी पोफळ धरेपर्यंत घरची गरज भागून चार पैसे हातीं येतील, इतकेंच. वाळलेल्या शेंगा जशाच्या तशा विकतां येतात, परंतु चूर्ण किंवा तेल तयार करून केसांचें प्रसाधन म्हणून विकावयाचें असल्यास १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांविषयींच्या कायद्याप्रमाणें परवाना घ्यावा लागतो, हें ध्यानांत असावें.

आमच्या विहिरीवर आतां पुन्हां लहान पंप आहे. तो सकाळीं व संध्याकाळीं थोडा थोडा वेळच चालतो, आणि पागोळ्यांचें पाणी विहिरीशेजारच्या खड्ड्यांत सोडलें आहे. पाण्याचा खारेपणा कमी होत आहे, पण अजून पूर्ण गेलेला नाहीं. वाचकांस एवढीच सूचना कीं, न्हाणीघरांतून "साबण फेंसाळत नाहीं" अशी तक्रार आली, तर दुकानाकडे न जातां प्रथम विहिरीकडे जावें.