माचू पिचूच्या प्रवासाला निघण्यापूर्वी : उंचीवरील आजार ओळखा

पेरू देशातील माचू पिचू हे १५व्या शतकातील इंका नगर. त्याचे दगडी अवशेष अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर आहेत. मात्र तेथे जाण्यासाठी बहुतेक प्रवासी ज्या कुस्को शहरात विमानाने उतरतात, ते त्याहूनही उंच, सुमारे ३,४०० मीटरवर आहे. म्हणजेच प्रकृतीची खरी कसोटी अवशेषांपाशी नव्हे, तर वाटेवरच्या शहरात लागते.

हा त्रास का होतो?
उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण तेवढेच असते. परंतु हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासातून तो कमी मिळतो. कुस्को येथे तो समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच मिळतो. या बदलाशी जुळवून घेण्यास शरीराला काही दिवस लागतात. समुद्रकाठच्या लिमाहून येणारे विमान मात्र ही उंची दीड तासाच्या आत गाठते. तरुण वय किंवा व्यायामाची सवय यामुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही.

लक्षणे
डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, चक्कर व झोपमोड. ही लक्षणे बहुधा पोहोचल्यानंतर काही तासांनी दिसतात. पित्त किंवा प्रवासाचा शीण समजून त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णास एकटे सोडू नये. सकाळची वाट न पाहता त्यास तत्काळ कमी उंचीच्या ठिकाणी न्यावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

काय करावे?
• कुस्कोला उतरताच तेथे मुक्काम न करता सुमारे २,९०० मीटरवरील उरुबांबा खोऱ्यात उतरावे. पहिल्या दोन रात्री तेथे काढून मग माचू पिचू पाहावे. कुस्को शहर परतीच्या वाटेवर पाहावे.
• पहिले दोन दिवस श्रम टाळावेत. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात.
• लक्षणे असेपर्यंत आणखी वर चढू नये.
• हृदयविकार, फुप्फुसाचा विकार, सिकलसेल किंवा गर्भावस्था असल्यास प्रवास ठरविण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रतिबंधक औषधही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तसे सांगावे.
• तेथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास दिला जातो. तो या आजारावरील उपचार नव्हे. ही पाने भारतात आणणे कायद्याने गुन्हा आहे.

परतताना
पेरूहून भारतात येणाऱ्या प्रवाशांकडे पीतज्वर, म्हणजेच यलो फीव्हर, प्रतिबंधक लसीचे प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे. हा रोग भारतात नाही. परंतु तो पसरविणारा एडिस डास येथे आहे, म्हणून ही दक्षता. शासनमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लस घ्यावी. प्रमाणपत्र आयुष्यभर वैध असते. ते नसल्यास आपणांस ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ६० वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती व अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी लसीपूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

प्रवासाच्या आखणीत दोन दिवस विसाव्याचे राखून ठेवा. सोबत्याला त्रास होऊ लागला, तर सहल अर्धवट सोडण्यास संकोच करू नका.