मांजर रात्रीं घरांत कां राखावें ?

मांजर माणसास नव्हे, तर घरास जडतें, अशी आपल्याकडे समजूत आहे. तरीहि दिवस मावळतांच त्यास दाराबाहेर सोडण्याची चाल मावळांतील पुष्कळ घरीं आढळते. या चालीचा परिणाम काय होतो, याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा म्हणून आम्ही हें लिहीत आहों.

लोणावळा, कामशेत, वडगांव व तळेगांव या गांवांतून मुंबई-पुण्याचा जुना हमरस्ता जातो. पावसाळ्यांत लोणावळ्यास दाट धुकें पडलें म्हणजे वाहन हांकणाऱ्यास समोरचा मनुष्य दिसणें कठीण; मग मांजर कोठून दिसणार ? भोंवतालच्या रानांत बिबट्या आहे. तो रात्रीं वस्तीजवळ येतो व कुत्रीं, मांजरें उचलतो. बांधांवर घोणस व नाग असतात. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्यानेंहि मांजर दगावतें. पिसाळलेलें कुत्रें त्यास चावल्यास तर घरांतील मुलांच्याहि जिवास धोका. कारण रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य बहुधा वांचत नाहीं. या रोगावरील लस लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं मनुष्यास प्रथम टोंचली. आज ती मांजरासहि देतां येते व अवश्य द्यावी. मांजर चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व पाणी यांनीं १५ मिनिटें धुवावी आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

कोणी म्हणेल, मग इंद्रायणी भाताच्या कणग्या कोणी राखाव्या ? कणगी घरांत, उंदीरहि घरांत. तर राखणदार बाहेर कशाला? दुसरा म्हणेल, मुक्या जिवास कोंडणें हें क्रौर्य होय. नुसतें कोंडून ठेवणें हें क्रौर्य खरेंच; म्हणून त्याची सोय केली पाहिजे. कोपऱ्यांत वाळूचें घमेलें ठेवून तें रोज स्वच्छ करावें. खिडकीस जाळी लावून तेथें त्यास उन्हांत बसूं द्यावें. नखें घासण्यास गोणपाट गुंडाळलेलें लांकूड द्यावें व दोरीस चिंधी बांधून रोज खेळवावें. पिलूं लहानपणापासून ही रीत सहज शिकतें. मोठ्या मांजरास दिवेलागणीपूर्वीं घरांतच खाऊं घालावें व प्रथम रात्रीपुरतें आंत ठेवावें. पशुवैद्याकडून त्याची नसबंदी करून घेतल्यास बाहेर भटकण्याची ओढहि कमी होते.

परमेश्वरानें मनुष्यास प्राण्यांवर दिलेला अधिकार हा विश्वस्ताचा अधिकार आहे. ज्या जिवास आपण उंबरठ्याच्या आंत घेतलें, त्याच्या रक्षणाचा भारहि आपण घेतला. रात्रीं कडी लावण्यापूर्वीं मांजर घरांत आलें कीं नाहीं, एवढें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहावें.